प्रीपेड कार्डावर सिबिल वाढवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध रहा (माझा अनुभव, जरा मोठा आहे)

सरळ मुद्द्यावर येतो. कुणी तुम्हाला म्हणालं की हे प्रीपेड कार्ड घ्या, दर महिन्याला त्यात पैसे भरा, किराणा पेट्रोल सगळं त्यावर करा आणि सहा महिन्यांत तुमचा सिबिल (कर्ज देताना बँका बघतात तो क्रेडिट स्कोअर) साडेसातशेच्या वर, तर तो माणूस तुम्हाला गंडवतोय. प्रीपेड कार्डात पैसे तुमचेच असतात, आधी भरायचे मग खर्च करायचे. त्यात कुणी तुम्हाला उधार दिलेलंच नाही तर तुम्ही ते वेळेवर फेडलं का नाही हे कोण कुणाला कळवणार? क्रेडिट ब्युरोकडे (कुणी किती उधार घेतलं, कसं फेडलं याची नोंद ठेवून स्कोअर काढणाऱ्या कंपन्या) जातो तो कर्जाचा आणि क्रेडिट कार्डाचा हिशोब. प्रीपेड कार्ड, वॉलेट, गिफ्ट कार्ड, डेबिट कार्ड यातलं काहीही तिथं जात नाही. लाख रुपये फिरवा, स्कोअर एका आकड्यानं हलत नाही.

आता माझं काय झालं ते सांगतो. माझं कोल्हापुरात फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लग्नं नाहीत, वाढदिवस नाहीत, उद्घाटनं नाहीत, तर फ्लेक्स कोण छापणार, मशीनचे हप्ते आणि घर दोन्ही क्रेडिट कार्डावर चाललं आणि कार्ड थकलं. पुढं बँकेनंच सेटलमेंट ऑफर केली, थोडी रक्कम सोडून दिली, मी बाकीची भरली आणि विषय संपला असं धरून चाललो. तो संपत नाही, कारण रिपोर्टमध्ये त्या कार्डापुढं 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' येतं, म्हणजे याने पूर्ण पैसे दिले नाहीत असा शिक्का. नवीन मशीनसाठी लोन मागायला गेलो तेव्हा ६४८ स्कोअर बघून बँकेनं नाही म्हणून सांगितलं.

आणि गंमत बघा, नकाराचा मेसेज आला त्याच आठवड्यात मला फोन. 'साहेब, तुमची फाइल रिजेक्ट झालीय ना, आम्ही सिबिल रिपेअर करून देतो.' याला कसं कळलं? आजही माहीत नाही, पण लोनची चौकशी केली की नंबर कुठून कुठं फिरतात हे आता सगळ्यांना माहीत आहे.

ऑफिस चांगलं होतं हो. काचेचं दार, एसी, रिसेप्शनला मुलगी, भिंतीवर चारही क्रेडिट ब्युरोंचे लोगो फ्रेम करून लावलेले. (आपल्याकडे ब्युरो चार आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो ती गोष्ट वेगळी.) लोगो काय, कुणीही प्रिंट करून लावेल, मीच दिवसाला असे पन्नास छापतो. त्या माणसानं माझ्यासमोर कागदावर ग्राफ काढून दाखवला, ६४८ वरून ७६०, आणि म्हणाला 'तुमच्या पॅनला आम्ही स्कोअर बिल्डर कार्ड लिंक करतो, दर महिन्याला दहा हजाराचं लोडिंग, तुम्ही फक्त खर्च करत रहायचं.' रजिस्ट्रेशन ५,९००, म्हणजे पाच हजार अधिक अठरा टक्के जीएसटी. जीएसटीचं बिल मागितलं तर 'सिस्टिम डाऊन आहे, मेल करतो'. तो मेल अजून यायचाय.

अशा गोष्टीवर लोकांचा विश्वास का बसतो तेही सांगतो, कारण यात अर्धं सत्य आहे. काही वर्षांपूर्वी खरोखरच अशी कार्डं मिळायची, दिसायला प्रीपेड पण मागं एखाद्या फायनान्स कंपनीची क्रेडिट लाईन, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतची उधारी असायची. तुम्ही स्वाइप केलं की ती कंपनी कार्डात पैसे भरायची आणि तुमच्या नावावर छोटं कर्ज पडायचं. रिपोर्टमध्ये दिसायचं ते कर्ज, कार्ड नव्हे. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकेतर प्रीपेड कंपन्यांना सांगितलं की क्रेडिट लाईनमधून कार्ड लोड करायचं नाही, आणि तो प्रकार बंद पडला. पण 'माझ्या मित्राचा स्कोअर अशा कार्डानं वाढला' हे वाक्य बाजारात राहिलंच, आणि ही मंडळी त्याच वाक्यावर धंदा करतात.

तर कार्ड मिळालं. काळं, चकचकीत, रुपेचा लोगो. मी दहा हजार द्यायचे, त्यात सहाशे 'प्रोसेसिंग' कापून ९,४०० चं कार्ड हातात. पुढच्या महिन्यात तेच कार्ड लोड करून द्या म्हटलं तर म्हणाला अपग्रेड आलंय, आणि नवीन कार्ड दिलं. मग परत नवीन. एटीएमला टाकलं तर पैसे निघेनात, त्यावर उत्तर 'कॅश काढली की स्कोअर पडतो साहेब'. काय डोकं आहे बघा, कार्डाची जी मर्यादा आहे तीच त्यानं मला सल्ला म्हणून विकली.

आमच्या शेजारचे काका सहकारी बँकेतून रिटायर झालेत. दुकानात चहाला बसले होते, काउंटरवर कार्ड पडलं होतं ते उचललं, उलटं केलं, चष्मा कपाळावर ढकलून डोळ्याजवळ नेलं आणि विचारलं, 'अरे, यावर तुझं नाव कुठाय?' नव्हतंच. नावाच्या जागी नुसतं गिफ्ट कार्ड छापलेलं, आणि मागं चुंबकी पट्टीच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात नॉन रिलोडेबल. म्हणजे परत पैसे भरताच येत नाहीत असं कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमात गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त दहा हजाराचं असतं, रिचार्ज होत नाही, कॅश निघत नाही, त्यातले पैसे दुसऱ्याला ट्रान्सफर होत नाहीत. दर महिन्याचं ते 'अपग्रेड' काय होतं ते तेव्हा उलगडलं, तो बाजारातून गिफ्ट कार्डं आणून सहाशे रुपये खाऊन मला देत होता. ज्या कार्डावर माझं नावच नाही ते माझ्या पॅनला लिंक कसं असेल?

इथवर असतं तर काही हजारांचं नुकसान म्हणून सोडून दिलं असतं. काका म्हणाले आधी रिपोर्ट काढ. चारही ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, त्यांच्याच वेबसाइटवरून काढायचा, आणि स्वतः काढल्यानं स्कोअर कमी होत नाही (ही पण एक अफवा हेच लोक पसरवतात, म्हणजे तुम्ही बघायलाच जाऊ नये). रिपोर्ट उघडला तर स्कोअर ६११. खाली अकाउंट्समध्ये एक पर्सनल लोन, रक्कम २०,०००, एका फायनान्स कंपनीचं, आणि त्यापुढं थकबाकीचे दिवस सुरू झालेले. त्याच्याही खाली एन्क्वायरीचा भाग, तिथं एकाच आठवड्यात वेगवेगळ्या कंपन्यांनी माझा रिपोर्ट मागवलेला, तारीख, रक्कम, उद्देश सगळं लिहिलेलं, उद्देश पर्सनल लोन. मी यातला एकही अर्ज केलेला नव्हता.

मग डोक्यात प्रकाश पडला. रजिस्ट्रेशनच्या दिवशी त्यानं 'ॲप टाकून देतो' म्हणून माझा मोबाईल स्वतःच्या हातात घेतला होता, आधार, पॅन, सेल्फी, सगळं तिथंच, आणि ओटीपी येत होते ते तोच वाचून टाकत होता. नंतर माझ्या खात्यात १८,८२० जमा झाले तर लगेच फोन, 'ते स्कोअर ॲक्टिव्हेशनचे कंपनीचे पैसे आहेत, आम्हाला यूपीआयनं परत करा, नाहीतर कार्ड ब्लॉक होईल.' परत केले. ते वीस हजाराचं लोन होतं, प्रोसेसिंग फी आणि जीएसटी कापून आलेलं, आणि हप्ता १,९५० चा माझ्या खात्याला ऑटो डेबिट लावलेला. करंट खातं वेगळं असल्यानं त्या बचत खात्यात पैसे नसायचे, हप्ता बाउन्स, बँकेचा ५९० दंड वेगळा, फायनान्स कंपनीचा वेगळा, बँकेचे मेसेज मी एवढे वाचत नाही, कोण वाचतं? स्कोअर वाढवायला गेलो होतो आणि पैसे देऊन पाडून घेतला.

ओटीपी का दिला असं ज्यांना लिहायचंय त्यांनी जरूर लिहा, पण समोर टेबलाशी बसून, चहा पाजून, 'केवायसीचा आहे' म्हणून जेव्हा माणूस मोबाईल मागतो तेव्हा तो फोनवरच्या अनोळखी चोरासारखा वाटत नाही, आणि त्यांचा धंदा चालतो तो यावरच.

पुढं काय केलं ते क्रमानं नाही, आठवेल तसं लिहितो. १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन केला आणि सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, यूपीआयचे पुरावे जोडले. १९३० ला जितका लवकर फोन कराल तितके पैसे पुढच्या खात्यात गोठवले जायची शक्यता जास्त, माझ्या वेळी खातं रिकामं झालं होतं. सायबर पोलिसांकडे लेखी अर्ज दिला, पोच घेतली, पोच सोडू नका. फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला तर पहिलं उत्तर ठरलेलं, 'ओटीपी तुमच्या नंबरवर आला, पैसे तुमच्या खात्यात गेले, लोन तुमचंच.' त्यांच्या बाजूनं बघितलं तर कागद बरोबर आहेत, हे कबूल करावं लागतं, म्हणूनच चीड येते. सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे रिपोर्टमधली नोंद चुकीची आहे अशी तक्रार टाकली, ती फुकट असते, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. ब्युरो आणि कर्ज देणारी कंपनी यांना तीस दिवसांत निकाल द्यावा लागतो, नाही दिला तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपनी ऐकत नसेल तर तीस दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी) ऑनलाइन तक्रार करता येते, माहितीचा नंबर १४४४८, आणि क्रेडिट ब्युरोसुद्धा त्या योजनेत येतात. माझ्या एन्क्वायऱ्यांपैकी काही निघाल्या. लोनचं प्रकरण लोकपालाकडे आहे, तोपर्यंत हप्ते मी भरतोय, कारण थकबाकी वाढली तर भांडण जिंकूनही स्कोअर हरणार.

आता प्रीपेड कार्ड वाईट का? अजिबात नाही. माझा मुलगा पुण्याला हॉस्टेलला आहे, त्याला मी महिन्याचे पैसे प्रीपेड कार्डावरच देतो, जेवढे टाकले तेवढेच जातात, ऑनलाइन कुठं नंबर चोरीला गेला तरी बचत खातं शाबूत. फक्त घेताना बँकेचं किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपनीचं घ्या (यादी रिझर्व्ह बँकेच्या साइटवर आहे), आणि फुल केवायसी करून घ्या. अर्ध्या केवायसीवर दहा हजारापर्यंतच ठेवता येतात, फुल केवायसीला दोन लाखांपर्यंत. शिल्लक रकमेवर व्याज मिळत नाही, म्हणून तिथं पैसे साठवत बसू नका. लोडिंग चार्ज, महिन्याचा चार्ज, न वापरल्याचा चार्ज, हे तिन्ही आधी वाचा. कार्डावरून पैसे परस्पर गेले आणि त्यात तुमचा हात नसेल तर तीन दिवसांच्या आत कळवा.

आणि स्कोअरच वाढवायचा असेल तर काकांनी सांगितलेला रस्ता कंटाळवाणा आहे पण कायदेशीर आहे. बँकेत एफडी करायची आणि त्याच एफडीवर क्रेडिट कार्ड घ्यायचं. जुना स्कोअर खराब असला तरी बहुतेक बँका देतात कारण त्यांचे पैसे एफडीत सुरक्षित आहेत, एफडीवर व्याजही चालू राहतं, आणि हे खरं क्रेडिट कार्ड असल्यानं ब्युरोत दिसतं. मी पंचवीस हजाराची एफडी केली, लिमिट त्याहून थोडं कमी मिळालं. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आतच खर्च करतो, दुकानाची शाई आणि लाईट बिल एवढंच, आणि कार्डाचं बिल आलं की पूर्ण भरतो, नुसता मिनिमम ड्यू (कमीत कमी भरायची रक्कम) नाही. सेटल्ड झालेल्या जुन्या कार्डासाठी त्या बँकेला पत्र दिलं, सोडलेली रक्कम आता भरतो, नो ड्यूज (काही बाकी नसल्याचा दाखला) द्या आणि ब्युरोत क्लोज्ड करा असं. त्यांनी रक्कम कळवली आहे, दिवाळीच्या ऑर्डरींचे पैसे आले की भरणार.

त्या ऑफिसला कुलूप आहे. पण परवा दुसऱ्या नंबरवरून दुसऱ्या नावानं फोन आला, आवाज तोच, 'साहेब, सिबिल कमी आहे ना तुमचं?' मी म्हटलं कार्ड कोणत्या ब्युरोला रिपोर्ट होतं ते लेटरहेडवर लिहून सही करून द्या. फोन कट. नंबर मी पोलिसांना दिलाय. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात कुणाला असा फोन आला असेल आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला गेला असेल, तर आजच रिपोर्ट काढा आणि आधी एन्क्वायरीचं पान बघा.