कसुतीचा संच: नमुने छान, कापड नको

फुले मार्केटातल्या एका दुकानातून कसुतीचा संच आणला. धारवाडकडची ही भरतकामाची कला, इरकली साडीवर शोभणारी. नमुने जुनेच: गोपूर, रथ, तुळशीवृंदावन. गवंती टाका म्हणजे जाताना एक घर सोडून एक, परतताना मोकळी घरं भरायची. गाठ मारायची नाही, म्हणून दोन्ही बाजू सारख्या. छापील रेघ नाही, कापडाचे धागे मोजायचे. रथाच्या चाकाशी एक धागा चुकले, अख्खी दुपार उसवण्यात गेली. काळं कापड फार दाट विणीचं, चष्मा लावूनही धागे दिसेनात. लाल दोऱ्याचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला. नमुन्यांचा कागद तेवढा जपून ठेवलाय. सासूबाईंनी मी भरलेला रुमाल उलटसुलट करून पाहिला, म्हणाल्या, "यातली सुलटी कोणती गं?"