कॅनडातल्या युकॉन नदीवर कनू (वल्ह्यांची अरुंद होडी) कुठून सोडावी: व्हाइटहॉर्स की जॉन्सन्स क्रॉसिंग?

नदीकाठच्या डॉसन गावापर्यंत जायचं तर व्हाइटहॉर्सहून निघणं सोयीचं. भाड्याची कनू, किराणा, सगळं गावातच मिळतं. पण पुढे सुमारे ५० किलोमीटर लांबीचं लबार्ज सरोवर येतं. प्रवाहाची मदत जवळजवळ नाही, वारा सुटला की बघता बघता लाटा उसळतात, आणि पाणी इतकं गार की कनू उलटली तर हातपाय लगेच बधिर होतात. काठ सोडू नका. वारा वाढला तर सरळ तंबू ठोका.

जॉन्सन्स क्रॉसिंगहून टेस्लिन नदीने गेलात तर सरोवर टळतं, हूटलिंक्वाच्या संगमावर थेट युकॉन लागते. नवख्यांना मी हाच मार्ग सांगेन. हुकतो तो मात्र सरोवरानंतरचा युकॉनचा ‘थर्टी माइल’ टप्पा: वेगवान आणि तळाचे गोटे दिसावेत इतकं नितळ पाणी. हात सरावलेले असतील, तर त्याच्यासाठी लबार्ज पार कराच.