पिल्लाचं पोट फुगलंय: जंत की एफआयपी?

तूर-सोयाबीनची पोती ठेवलेल्या घरात उंदरांसाठी मांजर लागतेच. तिच्या पिल्लाचं पोट फुगलं की आपल्याकडे सगळे ‘जंत’ म्हणून मोकळे होतात. बहुतेकदा ते खरंही असतं. पण एफआयपी, म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूतून होणारा जीवघेणा आजार असेल, तर जंताच्या औषधाची वाट पाहण्यात पिल्लू हातचं जातं.

जंत झालेलं पिल्लू सहसा खातं. दूध प्यालं की पोट टम्म, केस राठ, कधी ओकारीत शेवयांसारखे जंत. ताप बहुधा नसतो. एफआयपीत खाणं सुटतं, पाठीचा कणा हाताला लागतो, पोट मात्र वाढतच जातं आणि ताप अँटिबायोटिकला दाद देत नाही. कोरड्या प्रकारात तर पोट फुगतच नाही. डोळा गढुळतो, चाल डगमगते. तो फार उशिरा कळतो.

मूळ विषाणू साधा असतो. मांजरांचा हा कोरोना विष्ठेतून तोंडावाटे पसरतो, आतड्यात राहतो, फार तर हगवण लागते. थोड्याच मांजरांत, बहुधा दोन वर्षांखालच्या, तो अंगातच बदलतो आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींत वाढू लागतो. ज्या पेशींनी त्याला संपवायचं, त्याच त्याला अंगभर नेतात. रक्तवाहिन्या सुजतात, द्रव झिरपून पोटात साचतो. म्हणून नुसत्या ‘कोरोना अँटिबॉडी पॉझिटिव्ह’ रिपोर्टवरून एफआयपी ठरवू नका. साध्या संसर्गातही तो तसाच येतो. हा आजार माणसाला होत नाही. लेकरांच्या भीतीनं पिल्लू शिवाराबाहेर सोडू नका, ही कळकळीची विनंती.

पिल्लू खातंय, ताप नाही, तर तालुक्याच्या दवाखान्यातून वजनाप्रमाणे जंताचं औषध पुरे. ताप आणि पोटात पाणी दोन्ही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना ते पाणी काढून तपासायला सांगा. पिवळसर, चिकट, प्रथिनांनी भरलेलं निघालं, तर नागपूर किंवा अकोल्याचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा. घरची पॅरासिटामॉल मात्र देऊ नका, मांजरासाठी ती विष आहे.

पूर्वी एफआयपी म्हणजे मरणच होतं. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 31 मांजरांना जीएस-441524 हे विषाणूविरोधी औषध दिलं आणि बहुतेक वाचली. रेमडेसिव्हिरही याच कुळातलं. उपचार साधारण 84 दिवसांचा आणि खर्चिक, तेव्हा घरात आधीच बोलून ठरवा. सुरू केलात तर दर आठवड्याला वजन करा. पिल्लू भरू लागलं की डोसही वाढवावा लागतो.