सेंट अँड्र्यूज ओल्ड कोर्स: कॅडी की लेझर?

स्कॉटलंडमधल्या या गोल्फ मैदानावर लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजणारं यंत्र) झेंड्यापर्यंतचं अंतर यार्डात चोख सांगतो. पण इथल्या टणक जमिनीवर चेंडू पडल्यावर किती घरंगळेल, ते कॅडीच, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा आणि सल्ला देणारा मदतनीसच, सांगतो. चौदावं होल (मैदानाचा चौदावा टप्पा) बघा: उजवीकडे भिंत, तिच्यापलीकडे हद्दीबाहेर, पुढे वाटेत ‘हेल’ नावाचा खोल बंकर (वाळूचा खड्डा). जाणता कॅडी दुसरा फटका सरळ न मारता डावीकडे, पाचव्या होलच्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) मारायला लावतो. ही वाट लेझरला दिसतच नाही. शिवाय सात ग्रीन (झेंड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) जोडीचे, एकेकावर दोन झेंडे. चुकीचा झेंडा मोजला की क्लबही (फटक्याची काठी) चुकतो.

आकडा लेझरकडून घ्या. कॅडीला विचारा, ‘वाऱ्यासाठी किती वाढवू? चुकलाच तर कुठल्या बाजूला चुकू दे?’ लेझरमधली चढउतार मोजणारी सोय स्पर्धेत बंदच ठेवा, गोल्फच्या नियम 4.3 नुसार दंड बसतो.