आधी कान बघा: समुद्री प्राण्यांचा रबरी संच

नाशिकच्या मेन रोड-शालिमारच्या खेळण्यांच्या दुकानांत सहा प्राण्यांचा एक ‘आर्क्टिक’ संच ३८० ते ४०० रुपयांना मिळतो. सील, सी लायन, वॉलरस, पांढरं अस्वल आणि दोन पेंग्विन. आर्क्टिकमध्ये पेंग्विन नसतातच, पण ते एक वेळ चालवून घेऊ. खरा घोळ पहिल्या तिघांत आहे.

‘सील’ म्हणून दिलेला प्राणी पुढच्या लांब वल्ह्यांवर छाती काढून बसलाय, नाकावर चेंडू, डोक्याच्या बाजूला तिळाएवढे कान. हा सी लायन. सर्कशीतले चेंडूवालेही बहुतेक सी लायनच. ‘सी लायन’ची चिठ्ठी लावलेला ठिपकेदार प्राणी पोटावर लोळतोय, कानाच्या जागी नुसतं भोक, पुढची वल्ही आखूड आणि नखांची. हा सील. त्याची मागची वल्ही पुढे वळत नाहीत, म्हणून जमिनीवर तो पोटावर सरपटतो आणि पाण्यात मागच्या वल्ह्यांनी पोहतो. सी लायन मागची वल्ही पोटाखाली घेऊन चालतो आणि पोहतो पुढच्यांनी. चिठ्ठ्यांची अदलाबदल केली की हे दोन्ही नमुने उत्तम आहेत. सीलच्या अंगावरचे ठिपके तर या किमतीत अपेक्षेपेक्षा बरेच बारीक रंगवलेत.

वॉलरस मात्र फसलाय. सुळे खालच्या जबड्यातून वर आलेत, रानडुकराचे वाटतात. खरे सुळे वरच्या जबड्यातून खाली येतात, नर-मादी दोघांनाही असतात आणि मीटरभर वाढू शकतात. ते कापून एम-सीलचे (भेगा बुजवायचा दोन भागांचा लगदा) नवे लावता येतात. दोन्ही लगदे समसमान मळा. रबर आधी पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर जोड आठवड्यात सुटतो. वॉलरसचीही मागची वल्ही पुढे वळतात, इथे ती सीलसारखी सरळ मागे आहेत. कडकडीत पाण्यात दोनेक मिनिटं धरून वाकवा आणि तसंच धरून गार पाण्यात बुडवा. हे काम मोठ्यांनीच करावं.

मापंही चुकलीत. तिघंही नऊ सेंटिमीटर. खरा वॉलरस तीन मीटरच्या आसपास आणि ठिपकेदार सील दीड-पावणेदोन, म्हणजे सील साडेचार-सव्वापाच सेंटिमीटरचा हवा होता.

काउंटरवरच खोका उघडायला लावा. काही खोक्यांत दोन्ही सी लायनच निघतात.