स्प्रिंगस्टीन ऐकायचा तर कुठून: आडवळणाची गाणी की कव्हर नि लाइव्ह?

अमेरिकन रॉक गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या गाजलेल्या ‘बॉर्न इन द यूएसए’च्या पुढे जायचं असेल, तर दोन वाटा आहेत.

पहिली अल्बममधल्या कमी वाजणाऱ्या गाण्यांची. १९८२ चा ‘नेब्रास्का’ घ्या. घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेला. बहुतेक ठिकाणी गिटार, माउथ ऑर्गन आणि आवाज, बस्स. ठाणे-वाशी लोकलमध्ये मात्र तो लावू नका. त्यातलं ‘स्टेट ट्रूपर’ हे गाणं जवळजवळ पुटपुटलेलं आहे. ऐरोलीपर्यंतच्या खडखडाटात शेवटची किंकाळी तेवढी कानावर येईल, तिच्याआधीची घुसमट नाही. हा अल्बम घरी, दार लावूनच ऐकावा.

दुसरी वाट कव्हर (एकाचं गाणं दुसऱ्याने गाणं) आणि लाइव्हची. नव्याने ऐकणाऱ्यांना मी हीच सुचवेन, कारण गाण्याचा कस इथे लागतो. ‘द घोस्ट ऑफ टॉम जोड’ १९९५ मध्ये अगदी हलक्या आवाजात आलं. दोनच वर्षांत रेज अगेन्स्ट द मशीन या रॉक बँडने ते पेटवलं. पुढे त्यांचाच गिटारवादक टॉम मोरेलो स्प्रिंगस्टीनबरोबर मंचावर ते वाजवू लागला. २०१४ च्या ‘हाय होप्स’मध्ये दोघांचं रूप ऐका. सोलोत डीजे तबकडी घासतोय असं वाटतं, पण ती गिटारच! आणि इतक्या आवाजातही गाण्यातला बेघर माणूस हरवत नाही.

‘बिकॉज द नाइट’ही ऐकाच: सुरुवात स्प्रिंगस्टीनची, शब्द पूर्ण केले गायिका पॅटी स्मिथने, आणि १९७८ मध्ये गाजलंही तिच्याच आवाजात. स्प्रिंगस्टीनच्या १९८६ च्या लाइव्ह संचाच्या शेवटी गायक-गीतकार टॉम वेट्सचं ‘जर्सी गर्ल’ आहे. तिथून थेट वेट्सकडे वळा.