जन्मजात हृदयदोष आणि बाळंतपण: जिल्ह्याचं रुग्णालय की मुंबई?

लहानपणीच हृदयातलं छिद्र बंद केलंय, धाप लागत नाही, इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आहे, अशा गर्भवतीला नंदुरबारहून मुंबई गाठायची बहुतेकदा गरज नसते. जिल्हा रुग्णालयात आई उशाशी असते, घरच्यांची मजुरी फारशी बुडत नाही. मात्र हृदयरोगतज्ज्ञाने तिला तपासलेलं हवं, शक्यतो दिवस जाण्याआधीच.

फुप्फुसांतला रक्तदाब वाढलेला असेल, ओठ निळे पडत असतील किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर माझं मत सरळ आहे: मुंबई, तेही पहिल्या तिमाहीतच. परळच्या केईएम रुग्णालयात हृदयरोग, प्रसूती आणि भूल हे तिन्ही विभाग एकाच आवारात आहेत. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. ३२ आठवड्यांच्या सुमारास हा भार शिगेला पोचतो. बाळ हातात आलं तरी धोका टळत नाही. गर्भाशय आकसतं तेव्हा बरंच रक्त एकदम हृदयाकडे वळतं, म्हणून पुढचे दोन-तीन दिवस अतिदक्षता विभाग हाताशी लागतो. ऐन कळांमध्ये १०८ची गाडी मिळाली, तरी एवढा लांबचा प्रवास जिवावर बेतू शकतो.

मुंबईची खरी अडचण राहण्याची. शेवटचे काही आठवडे थांबायचं कुठे? परळच्या पदपथांवर झोपणारे नातेवाईक पाहून पोटात कालवतं. जिल्ह्यातूनच मुंबईला पाठवण्याच्या चिठ्ठीसोबत निवाऱ्याची सोय व्हायला हवी.

आणि झडप असलेल्या बाईने रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नये. झडपेत गुठळी अडकते.